नेऱ्याच्या ओढ्याचं पाणी

"बाबा, तुम्ही नक्की कुठे उतरलात? पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. एक आंबा होता तिथे. कालच सांगितलं तुला." विनायकरावांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"इथे आंबा ओळखू येत नाही. वरून सगळं हिरवंच दिसतं."

"मग तुझ्या उपग्रहाला म्हणावं, जरा वाकून बघ."

वल्लरी हसली नाही. आई असती तर आधी आई हसली असती आणि मग म्हणाली असती, "अवो, पोरीला नीट सांगा ना." आई श्रावणात गेली होती. आता मार्गशीर्ष लागला होता.

पुण्याचं घर बंद करून वल्लरी नवीन पनवेलला आई-बाबांच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी येऊन राहिली होती. ती एका प्रकाशकाकडे संपादनाचं काम करायची, त्यामुळे लॅपटॉप कुठेही उघडला तरी चालण्यासारखं होतं. उघडायचीही ती. पण दोन ओळी वाचल्या की उठून पाण्याच्या बाटल्या भरायची, गॅस बंद आहे ना ते बघून यायची, आईच्या साड्यांच्या घड्या मोडून परत घालायची. लहानपणापासून हातात पुस्तक असल्याशिवाय जी जेवली नाही, तिला हल्ली एका पानाच्या पुढे जाता येत नव्हतं. पानाच्या मध्येच कुठेतरी बाबांचं ते वाक्य यायचं: "वाहतं पाणी होतं. शेवटी खाडीलाच जातं."

आई उरणकडची. खाडीच्या तोंडाशी तिचं माहेर, घरची मिठागरं. मिठागरं कधीच गेली, तिथे आता कंटेनरचे ढीग लागलेत. पण आईच्या अंगातली खाडी गेली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर कणीक मळता मळता ती मध्येच सांगायची, "आता भरती लागली असंल." कुणी विचारलेलं नसायचं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिने एकच मागणं मागितलं होतं. "मना आमच्या खाडीत सोडा."

विनायकराव अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन निघालेही होते. तिकडे आनंदामामा, आईचा धाकटा भाऊ, सगळी भावकी घेऊन धक्क्यावर उभा होता. पण उरणच्या रस्त्यावर ट्रेलर आडवा झाला. पाऊस कोसळत होता, पुढची गाडी हलेना, मागची मागे जाईना. गुरुजींनी बाराच्या आत म्हणून सांगितलेलं. विनायकराव बराच वेळ तसेच बसून राहिले आणि वाट मिळाल्याबरोबर त्यांनी ड्रायव्हरला गाडी फिरवायला सांगितली. शहरातल्या नदीत गटारं सोडलेली, तिथे त्यांचं मन होईना. जवळच्या नेरे गावाच्या वरच्या अंगाला एक स्वच्छ ओढा त्यांना माहीत होता; रविवारी ती दोघं तिकडे भाजीला जात. तिथे, पावसात पाच-दहा पावलांपुढचं दिसत नसताना, त्यांनी एकट्याने अस्थी सोडल्या आणि घरी येऊन मामाला फोन केला.

मामा भिजून चिंब उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मंग आमी काय हितं पिकनिकला आलतो?" दहाव्याला आला, पाणीसुद्धा प्यायला नाही. त्यानंतर त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

बाबांचं ते वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळालं. आधी ते ठाम होतं. मग त्याला "बहुतेक" चिकटलं. मग बाबा वाक्याच्या शेवटी समोरच्याकडे बघायला लागले, आणि वल्लरीला ते बघवेना.

म्हणून ती वेबसाइट. नकाशावर कुठेही टिचकी मारा, तिथे पडलेला पाण्याचा थेंब उताराने कसा जाईल ते साइट दाखवत होती. डोंगर, घळी, ओढे, नद्या, कुठलं पाणी कुठल्या नदीचं, सगळं. वल्लरीने आंब्याच्या अंदाजाने टिचकी मारली. निळी रेघ निघाली. दोन वळणं घेऊन खाली उतरली, शेतांमधून गेली, गाढी नदीला मिळाली, पनवेलला वळसा घातला आणि खाडीतून पार तिच्या तोंडाशी जाऊन थांबली.

"बाबा."

विनायकरावांनी वर्तमानपत्र ठेवलं, चष्मा बदलला. बोट पडद्यावर टेकवून ते रेघेबरोबर चालत राहिले. "ही गाढी?"

"हो."

"हा आपला पूल?"

"हो. आणि हे मामाचं गाव."

त्या दुपारी त्यांनी आमटीभात मागून घेतला. वल्लरीने रेघेचं चित्र मामाला पाठवलं आणि फोन हातातच धरून बसली. तो लगेच वाजला.

"बाय, ही निली रेग काय हाय?"

"पाणी आहे मामा. आईला जिथे सोडलं तिथपासूनचं."

"आनि हा आमचा गाव?"

"तुमच्या धक्क्यावरून गेलीय बघा."

पलीकडे मामाने खाकरून घसा साफ केला. "रयवारी येतो. भावोजींना सांग, त्यांची ती गोड आमटी बी खाईन."

इथे हे संपायला हवं होतं. वल्लरीलाही तसंच वाटलं. चित्र मोठं छापून बाबांना द्यावं म्हणून दुसऱ्या दिवशी तिने रेघेखाली नुकताच काढलेला उपग्रहाचा फोटो घातला. घरं, झाडं दिसली तर बाबांना बरं वाटेल. आणि तिथे, आंब्याच्या थोडं खाली, ओढ्यावर आडवी एक तांबडी पट्टी होती. तिने मागच्या वर्षीचा फोटो उघडला. पट्टी नव्हती. या वर्षीचा उघडला. होती.

तिने हेतलला फोन लावला. हेतल तिची शाळेतली मैत्रीण; वडिलांचं पनवेलच्या बाजारात दुकान आणि ही शहररचनेचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात.

"रोड आहे तो," हेतल म्हणाली. "प्लॉटिंगवाल्याचा. तिकडे सगळीकडे फार्महाउस चाललीत."

"पण रेघ त्याच्यावरून सरळ कशी गेली?"

"अगं, त्या साइटला रोड माहीतच नाही. फोटो नवा असेल, पण जमिनीची उंची दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. तुझा थेंब जुन्या जमिनीवरून वाहतोय."

वल्लरीने पडद्यावरच्या तांबड्या पट्टीवर बोट ठेवलं.

"थांब. आमच्याकडे त्या भागाचं ड्रोनचं मोजमाप आहे, याच वर्षीचं. पाठवते. ते चढव आणि परत चालव. पण कुणाला देऊ नकोस हां, साहेब माझी चटणी करतील."

वल्लरीने ते चढवलं. निळी रेघ आंब्यापाशी निघाली, दोन वळणं उतरली, तांबड्या पट्टीला टेकली आणि तिथे पसरली. एक निळा डाग झाला. पुढे काही नव्हतं.

तिने परत चालवलं. ओढ्याच्या जरा वर टिचकी मारली, जरा खाली मारली. दर वेळी तोच डाग.

"घाबरू नकोस," हेतल म्हणाली. "मॉडेलला रोड म्हणजे भिंत. रोडखालून पाणी जायची मोरी वरून दिसणार कशी? आम्ही रोज करतो हे. रोडवर एक काट मारायची, मोरी आहे असं धरायचं, की पाणी पुढे जातं."

"आहे असं धरायचं?"

"रोड आहे म्हणजे मोरी असतेच गं. ओढ्यावर पाईप न टाकता भराव कोण घालेल? वेडा आहे का कोणी?"

वल्लरीने काट मारली. एका क्षणात रेघ सुटली आणि पळत खाडीपर्यंत गेली. हुबेहूब पहिल्यासारखी. बाबांना दाखवली असती तर त्यांना फरकही कळला नसता.

पण ही काट तिने स्वतः मारली होती. तिने ती पुसली. डाग परत आला. परत मारली, रेघ परत पळाली. लॅपटॉप मिटून ती गच्चीवर गेली, कपडे काढून आणले, ते ओलेच होते म्हणून परत वाळत घालून आली. आई कुठे आहे हे तिच्या एका टिचकीवर ठरत होतं, आणि तिच्या टिचकीला त्या ओढ्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आतल्या खोलीत बाबा पुण्याच्या आत्याशी बोलत होते. "अगं, वल्लरीने काढून दाखवलं ना कॉम्प्युटरवर. थेट खाडीपर्यंत. रविवारी आनंदराव येतायत जेवायला." त्या आवाजात "बहुतेक" नव्हतं. वल्लरी दाराशी उभी राहून ऐकत होती. गप्प बसणं किती सोपं आहे ते तिला कळत होतं. आणि गप्प बसली तर या घरात तिला कधीच एका जागी बसता येणार नाही, हेही.

शनिवारी सकाळी तिने चपला घातल्या. "मी नेऱ्याला जाऊन येते जरा."

"कशाला?"

"भाजी आणते."

"भाजीला लॅपटॉप लागतो?" विनायकराव उठले आणि त्यांनी छत्री घेतली. डिसेंबरच्या उन्हात छत्री कशाला, हे तिने विचारलं नाही. गाडीत तिने त्यांना सगळं सांगितलं. जुनी जमीन, नवा रस्ता, काट. ते खिडकीबाहेर बघत होते. नेरं मागे पडल्यावर म्हणाले, "असणार मोरी. हेतल म्हणाली ना. हुशार मुलगी आहे ती."

रस्ता शोधावा लागला नाही. तांबड्या मुरमाचा, दोन्ही बाजूंना सुरूची रोपं लावलेला, टोकाला सिमेंटच्या दोन सिंहांचं फाटक. वरच्या बाजूला ओढ्याचं तळं झालं होतं. हिरवं, न हलणारं पाणी. त्यात बाटल्या, नारळाची करवंटी, एक फुटका थर्माकोल. खालच्या बाजूला पांढरे धोंडे आणि तडे गेलेला चिखल.

वल्लरी खालच्या बाजूने उतरली. घाणेरीच्या फांद्या बाजूला करत तिने रस्त्याचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. वरून विनायकराव छत्रीच्या टोकाने मुरूम टोचत चालले होते.

"बुजली असेल, वल्लरी. गाळाने बुजतात."

"बाबा, नाहीये."

"तुला सगळं लगेच कळतं. त्या तिथे बघ, तो दगड आहे तिथे."

तिने तिथे बघितलं. दगडामागे मुरूम होता.

"पावसात रस्त्यावरून गेलंच असेल की पाणी," ते म्हणाले. "एवढा पाऊस होता."

"वरचं गेलं असेल."

पुढचं तिने गिळलं. तरी त्यांना ते ऐकू गेलं. रस्त्याच्या कडेला एका धोंड्यावर ते बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली. त्या दिवशी मडकं ठेवलं असेल तशी. अस्थींचं खाली बसलेलं सगळं त्यांच्या समोर, त्या हिरव्या पाण्याच्या तळाशी होतं.

"आणखी थोडं थांबायला हवं होतं मी," ते म्हणाले. "ट्रेलर निघालाच असता कधीतरी."

वल्लरीला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ती रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागली. मग तिने मामाला फोन लावला. उद्या तो जेवायला येणार होता; त्याला सांगितलं तर तो येणार नाही, आणि न सांगता आला तर त्याच्या पानात आपण खोटं वाढू. शिवाय या भागातले रस्तेवाले त्याच्या ओळखीचे असायचे. मिठागरं गेल्यावर मामाने डंपर घेतले होते, मग जेसीबी. आता त्याला सगळे आनंदाशेठ म्हणत.

"मामा, ऐका. ती रेघ खरी नाहीये." तिने एका दमात सांगितलं. "इथे कुणीतरी ओढ्यावर भराव टाकलाय, खाली मोरीच नाहीये. तुमच्या ओळखीचं कोण आहे का?"

"कंचा रस्ता?"

"नेऱ्याच्या वर. प्लॉटिंगचा."

"सुरू लावलीत दोनी बाजूला?"

"हो."

"फाटकाला सिंव्ह हायेत? सिमिटाचे?"

"हो मामा. दोन."

पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "तितंच थांबा. भावोजींना घरी नेऊ नको."

तो आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या गाडीमागून पिवळा जेसीबी डुलत येत होता. मामा उतरला, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात साखळी. त्याने ना बाबांकडे बघितलं ना वल्लरीकडे. रस्त्याच्या काठावर जाऊन तो तळ्याकडे बघत राहिला आणि त्या पाण्यालाच सांगितल्यासारखं बोलला.

"भराव माझा हाय. माझे डंपर. मे महिन्यात टाकला. प्लॉटवाला बोल्ला, पावसाच्या आदी रस्ता पायजे, पाईप मागून टाकू. पाईप येतील, येतील, करता पाऊस आला. मंग मी दुसऱ्या कामाला लागलो."

विनायकराव धोंड्यावरून उठले. वल्लरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. श्रावणापासून या माणसाने त्यांना चारचौघांत खाली मान घालायला लावली होती.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला..." ते म्हणाले आणि थांबले.

"बोला. बोला ना, भावोजी. आयमाय काडा माझी."

"मला येत नाही तसं."

"ठावं हाय. तुमच्यासंगं तीच तर पंचाईत हाय पयल्यापासून." त्याने पाठ फिरवून जेसीबीला हात केला.

फाटकातून राखणदार धावत आला. "शेठ, शेठ! सायबाला इचारला काय? रस्ता हाय तो!"

"काशिराम, सायबाला सांग, ज्यानं टाकला त्यानं काडला. पाईप घेऊन ये म्हनावं, परत टाकून देतो. फुकट. भावोजी, बाजूला व्हा. बूट भरतील."

जेसीबीने रस्त्यात दात घातले. मुरूम ओलसर, लाल, एकेक घास निघून बाजूला पडत होता. वल्लरीला वाटलं होतं, पाणी एकदम फुटेल, धडधडत जाईल. तसं काही झालं नाही. चर तळ्याच्या बाजूला पोचला तेव्हा आधी नुसता पाझर आला, मग तांबड्या पाण्याची एक धार, मग चराच्या कडा ढासळल्या आणि तळं खाली बसायला लागलं. बाटल्या फिरत फिरत चराकडे निघाल्या. मामा कोपरापर्यंत हात घालून त्या बाहेर फेकू लागला. इस्त्रीचं वाटोळं झालं. विनायकरावांनी थोडा वेळ बघितलं, मग छत्रीच्या दांड्याने करवंटी ओढून काढली.

खालच्या धोंड्यांमध्ये पाणी उतरलं आणि हळूहळू निघालं. पुढे त्याची एक जीभ होती, गढूळ, पालापाचोळा ढकलत जाणारी. ती खड्ड्यात शिरायची, तिथे गोल फिरायची, खड्डा भरला की काठावरून ओघळून पुढचा खड्डा शोधायची. वल्लरी तिच्या बाजूने चालू लागली. सावकाश चालावं लागत होतं. मागे धोंड्यांवरून घसरणाऱ्या पावलांचे आवाज आले.

"डावीकडे जाईल आता," विनायकराव म्हणाले.

"कसा जाईल? उतार उजवीकडं हाय."

"आनंदराव, मी इथे येऊन गेलोय."

"मी काय चंद्रावरनं आलो?"

पाणी उजवीकडे गेलं, तिथे एका मुळाशी अडलं आणि डावीकडे वळलं.

खिशात वल्लरीचा फोन थरथरला. हेतल असणार. तिने तो काढला नाही. नदी अजून किती लांब आहे, मधे आणखी किती रस्ते आहेत, त्यातल्या किती मोऱ्या तिने बघितलेल्या नाहीत, हे सगळं त्या फोनमध्ये होतं. पुढच्या रस्त्याखाली मोरी असेल का, हे मात्र नव्हतं. ते चालूनच कळणार होतं.

मामाने आपल्या ड्रायव्हरला हाक मारून पांढरी गाडी नदीच्या पुलावर न्यायला सांगितली. "भावोजी, तुमी गाडीत बसा. बूट वले झालेत, सर्दी व्हईल. मी जातो पोरीसंगं."

"तुम्ही बसा. मी चालतो."

"हट्ट कशाला करता?"

"मी चालणार आहे, आनंदराव."

मामाने त्यांच्याकडे बघितलं. मग वाकून स्वतःच्या चपला काढल्या, एका हातात धरल्या आणि दुसरा हात विनायकरावांच्या दंडाला लावला. पुढे एक मोठा खड्डा होता, मागे कधीतरी रेतीसाठी खणलेला. पाणी त्यात उतरलं आणि दिसेनासं झालं. खड्डा भरायला वेळ लागणार होता. तिघंही तो भरायची वाट बघत काठावर उभी राहिली.